वाचकांचे प्रश्न : दुकानातला एसी, एएमसीचा करार आणि ग्राहक आयोग

प्रश्न : पिंपळगाव राजा येथे माझे कापडाचे दुकान आहे. मी आणि पत्नी दुकान सांभाळतो, हाताखाली एक मुलगा आहे. दोन टनांचे दोन स्प्लिट एसी आहेत. वॉरंटी संपल्यावर एका एजन्सीशी १२ हजार रुपयांत वर्षाची एएमसी (वार्षिक देखभाल करार) केली, पैसे आगाऊ दिले. चार सर्व्हिसिंग ठरल्या होत्या. माणूस दोनदाच आला आणि जाळ्या धुऊन गेला. मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, एक एसी बंद पडला. आठ दिवस फोन केल्यावर “गॅस संपला, कॉम्प्रेसर गेला, हे करारात बसत नाही” म्हणून वेगळे पैसे मागितले. मला ग्राहक आयोगात जाता येईल का? दुकानाचा एसी म्हटल्यावर तक्रार घेत नाहीत, असे लोक सांगतात. पुढचा करार कसा करावा?
— एक कापड दुकानदार, पिंपळगाव राजा, ता. खामगाव

उत्तर : तुमच्या तक्रारीचे दोन भाग आहेत, ते वेगळे ठेवा. पैसे घेऊन चारपैकी दोन सर्व्हिसिंग केल्याच नाहीत, ही सेवेतील उघड त्रुटी आहे. कॉम्प्रेसरचा खर्च कोणी करायचा, हे मात्र करारावर ठरेल. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ करारात सुटे भाग धरलेले असतात, ‘नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह’ करारात फक्त मजुरी. कॉम्प्रिहेन्सिव्ह करारातही गॅस, पीसीबी किंवा कॉम्प्रेसर वगळलेला असू शकतो, म्हणून मागच्या पानावरचा बारीक मजकूर वाचा. मूळ वॉरंटी कार्डही काढा. पूर्ण मशीनची वॉरंटी संपली तरी कॉम्प्रेसरवर बऱ्याच कंपन्या पाच किंवा दहा वर्षांची वेगळी वॉरंटी देतात.

“गॅस संपला” हे उत्तर मान्य करू नका. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरला, तर तुमचे पैसे पुन्हा वाया जाणार.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि कापूसपट्ट्यात धुळीबरोबर सरकीचा बारीक तंतूही उडतो. तो आउटडोअर युनिटच्या कॉइलवर नमद्यासारखा बसतो. मग उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि तापून बंद पडतो. इनडोअरच्या जाळ्या धुऊन हा थर निघत नाही. म्हणजे न झालेल्या सर्व्हिसिंगचा आणि गेलेल्या कॉम्प्रेसरचा संबंध असू शकतो. पण तो सिद्ध करावा लागेल. दुरुस्तीआधी कॉइलचे फोटो काढा, दुसऱ्या जाणकार तंत्रज्ञाकडून लेखी अभिप्राय घ्या आणि काढलेला कॉम्प्रेसर भंगारात देऊ नका.

आयोगात जाता येईल का? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापारी कारणासाठी वस्तू किंवा सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेल्या वस्तूला सूट आहे. स्वतः काम करणाऱ्याने मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून ही सूट जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात १९९५ मध्येच सांगितले. अडचण एकच आहे : २०१९ च्या कायद्यातील ही सूट शब्दशः वस्तूंपुरती आहे आणि एएमसी ही सेवा आहे. समोरचा वकील नेमके यावर बोट ठेवील. तेव्हा मुंबईच्या लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणाचा २०१९ चा निकाल दाखवा. व्यवहाराचा मुख्य हेतू काय आणि नफा कमावण्याशी त्याचा थेट संबंध आहे का, हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आहे. तुम्ही एसी विकत नाही, भाड्यानेही देत नाही. दुकान तुम्ही दोघे चालवता, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा.

तक्रार बुलढाण्याच्या जिल्हा आयोगात करता येते, कारण तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता त्या जिल्ह्यात ती दाखल करण्याची मुभा आहे. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. आयोगाने तुम्हाला ग्राहक मानले नाही, तरी करारभंगासाठी दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. तिथे मुदत तीन वर्षांची. लग्नसराईत बुडालेल्या धंद्याची भरपाई मिळणे मात्र कठीण, त्यासाठी ठोस हिशेब लागतो. मागणीचा भर न झालेल्या सेवेच्या परताव्यावर आणि दुरुस्तीच्या खर्चावर ठेवा.

पुढचा करार करताना या गोष्टी कागदावर आणा :

• सर्व्हिसिंगचे महिने : एक होळीच्या आधी, एक भर उन्हाळ्यात, एक पावसाळा संपल्यावर.
• प्रत्येक वेळचे काम : दोन्ही युनिटच्या कॉइलची धुलाई, ड्रेन पाइप, कॅपॅसिटर आणि वायरिंगची तपासणी.
• सर्व्हिस रिपोर्टवर करंट, गॅसचा दाब आणि आत जाणाऱ्या-बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान. एसी नीट चालत असेल तर या दोन तापमानांत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक पडतो. साध्या थर्मामीटरने तुम्हीही तो पाहू शकता.
• तक्रारीनंतर किती तासांत माणूस येईल, आणि उशीर झाल्यास दर दिवशी किती रक्कम कापली जाईल. अशी रक्कम आधी ठरलेली असेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे त्या मर्यादेत वाजवी भरपाई मागता येते.
• पैसे आगाऊ नकोत. प्रत्येक भेटीनंतर, रिपोर्टवर सही झाल्यावर हप्ता द्या.

पैसे बँकेतून द्या आणि पक्के बिल घ्या. एएमसीवर १८ टक्के जीएसटी लागतो. एजन्सी नोंदणीकृत नसेल तर तिला तो आकारता येत नाही. तुम्ही नियमित नोंदणीत असाल तर या कराचे क्रेडिट मिळते, कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही.

आता आधी एजन्सीला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. तीत चुकलेल्या सर्व्हिसिंग, फोनच्या तारखा आणि मागणीची रक्कम लिहून १५ दिवसांची मुदत द्या. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर करार, पावती, फोटो आणि तंत्रज्ञाचा अभिप्राय जोडून बुलढाण्यात तक्रार दाखल करा. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्याला आजवर कोणी जाब विचारला नाही, म्हणूनच त्याचे फावले आहे.