चाहत्यांच्या मेळाव्यात हस्तकलेचे दुकान : पहिल्या खेपेचा हिशेब

आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंना उरूस, जत्रा, रमजानचा रात्रबाजार किंवा सणासुदीची प्रदर्शने नवीन नाहीत. माल बांधायचा, मोक्याची जागा धरायची, गिऱ्हाईक पाहून भाव सांगायचा, हे आपण वाडवडिलांपासून करत आलो. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या शहरांत एक निराळा बाजार उभा राहिला आहे आणि त्याची खबर आपल्या मोहल्ल्यांत अजून फारशी पोहोचलेली नाही. चित्रकथा, कार्टून, सिनेमे आणि संगणकावरचे खेळ यांच्या चाहत्यांचे हे मेळावे. कॉलेजातली मुले-मुली आपल्या आवडत्या पात्राचा पोशाख शिवून, अंगावर घालून येतात. त्याला ते 'कॉस्प्ले' म्हणतात. दिवसभर हिंडतात, फोटो काढतात आणि खरेदी करतात.

या मेळाव्यांचे मूळ परदेशातले आहे. अमेरिकेत सॅन डिएगो शहरातला मेळावा १९७० साली सुरू झाला. जपानमध्ये टोकियोचा 'कॉमिक मार्केट' २१ डिसेंबर १९७५ रोजी अवघ्या ३२ मंडळांनी मिळून भरवला, तेव्हा सुमारे ७०० लोक आले होते. आज तेथे लाखोंची गर्दी होते. तेथे विकणारा आणि विकत घेणारा या दोघांनाही 'सहभागी' म्हणतात, गिऱ्हाईक हा शब्द वापरत नाहीत. भारतात २०११ च्या फेब्रुवारीत दिल्ली हाटमध्ये पहिला कॉमिक कॉन भरला आणि त्याच वर्षी मुंबईतही भरला. पुढे गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात आणि २०२४ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये तो झाला. म्हणजे कुर्ल्यातल्या जरदोजीच्या कारखान्यांपासून रिक्षाने जावे इतक्या अंतरावर. या मेळाव्यांत मोठ्या कंपन्यांच्या गाळ्यांबरोबर एकेकट्या कलावंतांसाठी लहान टेबलांची एक रांग असते. आपल्या कामाची जागा ती.

मी कापडाचा व्यापारी. या बाजाराशी माझा संबंध आला तो कुर्ल्यातल्या एका कारखान्यामुळे. चार अड्ड्यांचा छोटा कारखाना, त्यांना अस्तर आणि मखमल मी वर्षानुवर्षे देतो. लग्नसराईचे काम कमी होत गेले, कारण संगणकावर चालणारे भरतकामाचे यंत्र एका दिवसात जे काढते त्याला चार कारागिरांना आठवडा लागतो. उस्तादांचा धाकटा मुलगा कॉलेजात शिकतो, त्याला या कार्टूनांचा शौक. त्याने २०२४ साली एका लहान मेळाव्यात टेबल घेतले आणि मखमलीवर जरदोजी केलेले बिल्ले विकायला ठेवले. दोन दिवसांत ११० नग गेले. प्रत्येकी १५० रुपये, म्हणजे गल्ला १६,५०० रुपये. मुलगा मिठाई घेऊन माझ्या दुकानी आला.

मी म्हटले, बेटा, वही आण.

टेबलाचे भाडे ६,०००. येणे-जाणे आणि खाणे २,५००. कापड, कसब, पिन सगळे मिळून नगामागे ४०, म्हणजे ४,४००. खर्च झाला १२,९००. शिल्लक ३,६००. इथपर्यंत त्याने स्वतःच लिहिले होते आणि याच रकमेला तो नफा म्हणत होता. मी विचारले, एका बिल्ल्याला वेळ किती? म्हणाला, अब्बांना दीड तास. ११० नगांचे झाले १६५ तास. ३,६०० रुपयांना १६५ तासांनी भागा, ताशी २२ रुपयेही पडत नाहीत. त्याच कारखान्यात बाहेरचा कारागीर ८ तासांचे ६०० घेतो, म्हणजे ताशी ७५. त्या हिशेबाने उजरत होते १२,३७५ रुपये. मग नफा कुठला? घरातल्या माणसाची मजुरी कोणी मागितली नाही एवढेच, तोटा तर ८,७७५ रुपयांचा झाला होता. उस्ताद बाजूला बसून ऐकत होते. काही बोलले नाहीत, पण चष्मा काढून पुसत राहिले.

बंधूंनो, हस्तकलेच्या धंद्यातली जुनी चूक हीच आहे. आपण सुताचा भाव पैशापर्यंत जाणतो, दलालाला त्याची दलाली मोजून देतो आणि स्वतःच्या बोटांचा हिशेब मात्र कागदावर घेतच नाही. मोठ्या व्यापाऱ्याकडून नगावर काम घेताना भाव तो ठरवतो, तिथे आपला इलाज नसतो. पण इथे टेबल आपले, माल आपला, भावाची चिठ्ठी आपणच लावायची. इथेही मजुरी सोडून दिली तर मग दोष कोणाला देणार?

त्याच बिल्ल्याचा भाव असा निघतो. दीड तासाची मजुरी ११३, सामान ४०, भाडे आणि वाहतूक ८,५०० भागिले ११० म्हणजे ७७. पडत झाली २३०. न खपलेला माल, बिघडलेले नग आणि पुढच्या खेपेचे भांडवल यासाठी त्यावर ७० धरले, म्हणजे ३०० रुपये. मुलगा घाबरला. "चाचा, यंत्राचा बिल्ला शेजारच्या टेबलावर ८० ला मिळतो, ३०० कोण देईल?" प्रश्न खोटा नव्हता. त्यावर दोन गोष्टी केल्या. एक तर अर्ध्या तासात होणारा साधा नमुना काढला, फक्त दबक्याचा चंद्र आणि दोन सितारे. त्याची मजुरी ३८, सामान २०, भाड्याचा थोडा हिस्सा २५, भाव १२०. खिशात मोजके पैसे घेऊन आलेला विद्यार्थी रिकाम्या हाताने जात नाही. दुसरी गोष्ट, छोटा अड्डा टेबलामागे लावून उस्तादांनाच बसवले. दबका म्हणजे स्प्रिंगसारखी वळलेली तार. ती कात्रीने तुकडे करून मण्यासारखी सुईत ओवायची, हे ज्याने पाहिले तो ३०० रुपये का, असे विचारत नाही. मात्र कात्री, सुया आणि अड्डा आत नेता येईल का हे आयोजकांना आधी लेखी विचारून घ्यावे. दरवाजावर झडती असते आणि धारदार वस्तूंबाबत नियम कडक असतात.

आता थोडे नाजूक प्रकरण. पहिल्या खेपेस जे बिल्ले सर्वांत जास्त खपले, त्यांवर एका प्रसिद्ध जपानी कार्टूनचे चिन्ह होते. मुलाचे म्हणणे, सगळेच करतात. करतात हे खरे आहे, आणि पुष्कळदा मालक कंपन्या चाहत्यांच्या हातकामाकडे काणाडोळाही करतात. पण काणाडोळा म्हणजे परवानगी नव्हे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. कायदा बाजूला ठेवा. काही वर्षांपूर्वी माझ्या थानांवरचा छाप उचलून एकाने हलक्या मालावर मारला होता, तेव्हा मला दोन रात्री झोप लागली नव्हती. दुसऱ्याच्या चित्राचाही असाच कोणी धनी असतो, त्याने ते काढताना डोळे झिजवलेले असतात.

मग चाहत्यांच्या बाजारात आपण विकायचे काय? इथे माझे उर्दू शाळेतले वाचन कामी आले. 'तिलिस्मे होशरुबा' हा ग्रंथ लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून छापला. त्याच्या लेखकांना जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाली, आणि आपल्याकडे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे तो खजिना आता सर्वांसाठी खुला आहे. जादूगार, तिलिस्म, अय्यार, उडते तख्त, आजच्या मुलांच्या कार्टूनांत जे असते ते सारे त्यात आहे. त्यातल्या अम्र अय्यारची जंबील आठवते? ती झोळी, जिच्यात काहीही टाका, भरतच नाही. आम्ही काळ्या मखमलीची छोटी खांद्यावरची झोळी केली, तोंडाशी जरदोजीची कडा, मध्ये तिलिस्मी कुलूप, आणि नाव दिले 'जंबील'. ज्या कारागिरांना सजीवांची चित्रे काढणे पसंत नाही, त्यांनाही हे काम बिनदिक्कत करता आले. आतल्या चिठ्ठीवर चार ओळींत गोष्ट लिहिली. नऊ तासांची मजुरी ६७५, कापड-अस्तर-कसब २६०, भाड्याचा हिस्सा २००, पडत १,१३५, भाव १,५००. पुढच्या मेळाव्यात, २०२५ साली, २० नेल्या आणि १४ गेल्या. मुलांनी उर्दूतली ही गोष्ट कधी ऐकली नव्हती, उभे राहून विचारत होते की पुढे काय होते.

मालाबद्दल खरे तेच सांगावे. आजची बहुतेक जर नकली असते, चांदीच्या तारेची खरी जर वेगळी आणि फार महाग. चिठ्ठीवर 'नकली जर, हातकाम' असे स्वच्छ लिहिले, त्याने एकही गिऱ्हाईक परत गेले नाही. तसेच लखनौच्या जरदोजीला भौगोलिक मानांकन आहे, कुर्ल्यात केलेले काम त्या नावाने विकू नये.

टेबलाची तयारी थोडक्यात सांगतो. अर्ज काही महिने आधी करावा लागतो, कामाचे फोटो मागतात, जागा मोजक्या असतात. टेबलाची लांबी-रुंदी, वीज, किती माणसांना पास आणि माल आत नेण्याची वेळ, हे विचारूनच पैसे भरावेत. चादर जमिनीपर्यंत सोडावी, शिल्लक माल तिच्याआड राहतो. सगळे आडवे पसरून ठेवू नये. गर्दीत माणसाला टेबल दिसत नाही, डोळ्यांच्या उंचीवर टांगलेले तेवढे दिसते. आम्ही घरातलीच एक लाकडी चौकट उभी केली. भाव प्रत्येक नगावर लिहिलेला हवा, ही मुले घासाघीस करायला लाजतात आणि भाव दिसला नाही तर न विचारताच पुढे जातात. फोनवरून पैसे घेण्याची पाटी दोन वेगळ्या खात्यांची ठेवावी, कारण हजारो फोन एका छताखाली आले की नेटवर्क अडते. सुटे पैसेही भरपूर असावेत. जीएसटीबाबत, राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही, पण दिल्ली किंवा हैदराबादला टेबल घेणार असाल तर आधी आपल्या कर सल्लागाराकडे जावे. काही आयोजक नोंदणी क्रमांक मागतात, तेही पाहून घ्यावे.

पहिल्या तासात विक्री झाली नाही म्हणून खट्टू होऊ नये. लोक आधी एक फेरी मारतात. आमची बोहनी पाऊण तासाने झाली, आणि तीही बिल्ल्याने नव्हे. एका मुलाच्या झग्याचा खांद्याचा हुक तुटला होता, तो झगा हाताने धरून फिरत होता. उस्तादांनी त्याला बोलावले, अड्ड्यावरची सुई घेऊन पाच मिनिटांत टाका घातला आणि पैसे घेतले नाहीत. अर्ध्या तासाने तो आपल्या चार मित्रांना घेऊन आला. तेव्हा आम्हाला उमगले की येथली मोठी गरज बिल्ल्यांची नाहीच. ही मुले महिनोन्महिने घरी पोशाख शिवतात, त्यावर भरतकाम करून देणारा त्यांना मिळत नाही. गळ्याची पट्टी, खांद्याचे काम, कमरपट्टा, राजपुत्राच्या अंगरख्याची कडा, हे तर आपले रोजचे काम.

पुढच्या वेळेपासून टेबलावर ऑर्डरची वही ठेवली. तिच्यात माप, नमुन्याचे रेखाटन, तयार करून देण्याची तारीख, भाव, आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याची सही. माप तोंडी घेऊ नका. आमची एक गळपट्टी दोन इंच तोकडी झाली, ती पुन्हा करून द्यावी लागली आणि त्या कामात काही उरले नाही. कोणी स्वतःच्या अंगावर घालायला एखाद्या पात्राचा पोशाख करून घेतो तेव्हा त्याचे काम करावे की नाही, यावर आमच्यात वाद आहे. उस्ताद म्हणतात, एकच नग, त्याच्या स्वतःसाठी, तो बाजारात जात नाही. मी म्हणतो, आपण तर पैसे घेतोच आहोत. तूर्त चिन्ह किंवा नाव असेल ते काम घेत नाही, नुसती वेलबुट्टी आणि कडा घेतो.

नगासोबत जाणाऱ्या कार्डावर मुलाने कारखान्याचा फोन आणि 'हातकाम' एवढेच छापले होते. मी म्हटले, ज्याचा हात आहे त्याचे नाव कुठे? उस्ताद नको म्हणत होते. चाळीस वर्षे त्यांचे काम दुसऱ्यांच्या दुकानांच्या नावाने विकले गेले आहे. शेवटी त्यांनी बोरूने उर्दूत स्वतःचे नाव लिहून दिले आणि छापखान्यात ते जसेच्या तसे उतरवले. ती २०० कार्डे छापली होती, आता ६० उरली आहेत.