‘मूव्ह’ लिहिण्याआधी

पायथॉनमध्ये फाइल उघडायची ओळ आपल्या बोटांत बसलेली असते. एस३एफएस ही लायब्ररी टाकली की जवळजवळ त्याच ओळीत ॲमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड साठ्यावरची फाइलही उघडते. सोय मोठी आहे, मी आजही वापरतो. पण डिस्कसाठी लिहिलेला कोड तसाच उचलून तिकडे नेल्यावर आमच्या टीमला बरंच निस्तरावं लागलं.

आमचं काम जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या पानांचं. पानं आधी ‘कच्चे’ फोल्डरमध्ये जमायची आणि सगळी झाली की फोल्डरचं नाव बदलून ‘तयार’ व्हायचं. डिस्कवर ही पद्धत उत्तम. तिथे नाव बदलायचं म्हणजे डिरेक्टरीतली एक नोंद बदलायची; आत किती गीगाबाइट आहेत याच्याशी तिला देणंघेणं नाही. एस-थ्रीत मुळात फोल्डरच नाहीत. प्रत्येक ऑब्जेक्टला एक लांबलचक नाव असतं आणि त्यातल्या तिरक्या रेघा आपल्याला फोल्डर वाटतात. त्यामुळे एस३एफएसचं ‘मूव्ह’ म्हणजे एकेका ऑब्जेक्टची नव्या नावाने कॉपी, मग जुन्याचं डिलीट. वेळ लागला, कॉपीचं बिल आलं, तेही चाललं असतं. पण एकदा प्रोसेस मध्येच मेली, ‘तयार’मध्ये अर्धीच पानं पोचली आणि पुढच्या प्रोग्रामने तेवढ्यांचीच पीडीएफ करून टाकली. तक्रार वाचकाकडून आली. लॉगमध्ये काही नव्हतं.

प्रचंड डेटावर काम करणाऱ्या हडूप या प्रणालीचे लोक याच खड्ड्यातून आधी गेले होते. एस-थ्रीसाठी नाव बदलण्यावर न विसंबणारे वेगळे ‘कमिटर’, म्हणजे तयार निकाल पक्का करणारे भाग, त्यांनी ३.१ आवृत्तीत आणले. आम्ही साधा उपाय केला. पानं थेट शेवटच्या जागी लिहायची आणि सगळ्यात शेवटी त्यांची यादी असलेली एक छोटी फाइल. यादी नसेल तर अंक नाही, असं पुढच्या प्रोग्रामला बजावलं. एक ऑब्जेक्ट लिहिला जातो तो पूर्ण, नाहीतर नाहीच. अख्ख्या व्यवस्थेत भरवसा ठेवावा अशी गोष्ट एवढीच.

दुसरी गोम ‘क्लोज’ची. तुम्ही ‘राइट’ करता तेव्हा मजकूर आधी मेमरीत साठतो. लहान फाइल तर ‘क्लोज’ होईपर्यंत वर जातच नाही. शिवाय ‘विथ’च्या आत एरर आली तरी बाहेर पडताना ‘क्लोज’ होतंच, आणि अर्धवट मजकूर धडधाकट फाइल म्हणून वर जाऊन बसतो. मोठी फाइल तुकड्यांत चढत असताना प्रोसेस मेली तर वेगळीच गंमत: तुकडे यादीत दिसत नाहीत, पण त्यांचं भाडं चालू राहतं. बकेटवर, म्हणजे एस-थ्रीतल्या तुमच्या कप्प्यावर, असे अपुरे अपलोड काही दिवसांनी आपोआप काढून टाकणारा लाइफसायकल नियम पहिल्याच दिवशी लावा.

आता ‘आत्ता टाकलेली फाइल दिसत नाही’ ही ओरड. यात लोक अजून एस-थ्रीला दोष देतात. डिसेंबर २०२० पासून तिथे लिहिलेलं लगेच वाचता येतं. जुनी यादी तुमची लायब्ररीच कॅशमध्ये धरून बसलेली असते. दुसरं मशीन फाइल टाकत असेल तर ती कॅश स्वतः पुसावी लागते.

बाकी थोडक्यात. लूपमध्ये ‘एक्झिस्ट्स’ विचारत बसू नका, दर वेळी नेटवर्कची फेरी होऊ शकते. एकदाच यादी मागा, ती एका विनंतीत हजार नावांपर्यंत येते. लॉग फाइलला ओळी जोडत राहणं आणि एसक्यूलाइटचा डेटाबेस ही कामं डिस्कवरच राहू द्या. गो भाषेने २०२१ साली फाइल सिस्टिमचा सामायिक इंटरफेस आणला तो फक्त वाचण्यापुरता; मला तो संयम पटतो.

आणि टेस्ट स्थानिक फोल्डरवर चालवून निश्चिंत होऊ नका. तिथे सगळंच पास होतं. एक खरी बकेट घ्या, मोठी फाइल चढायला लावा आणि मध्येच प्रोसेस मारून तिथे काय उरलंय ते पाहा.