लाल डोळा : साथ की अन्य विकार?

प्रश्न : डोळा लाल होऊन पाणी येऊ लागल्यास डोळे आले, असेच समजावे काय?

उत्तर : डोळे येणे म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग व पापण्यांची आतील बाजू झाकणाऱ्या पातळ पटलाचा, अर्थात नेत्रश्लेष्मलेचा, दाह होय. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात पसरलेल्या साथीप्रमाणे तो विषाणूजन्य असल्यास प्रथम एका डोळ्यातून पाणी वाहते, दोन-तीन दिवसांत बहुधा दुसराही लाल होतो आणि पुष्कळदा कानापुढील गाठ सुजून दुखते. जिवाणूजन्य दाहात दाट पिवळसर पू पुसला तरी पुन्हा साचतो, तर ॲलर्जीत दोन्ही डोळ्यांना तीव्र खाज सुटते. मात्र लाली बुबुळाच्या कडेभोवती दाटली असेल, उजेड सोसवत नसेल किंवा नजर अंधूक झाली असेल, तर बुबुळावरील पारदर्शक पटलाचा व्रण किंवा डोळ्याच्या आतील दाह संभवतो; व्रण असल्यास फ्लुरोसीनचा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहताना तो हिरवा चमकतो. दिव्याभोवती रंगीत वलये, तीव्र डोकेदुखी व उलट्या ही डोळ्यातील दाब एकाएकी वाढल्याची, म्हणजे तीव्र काचबिंदूची, लक्षणे असतात. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि त्यांच्या सल्ल्याविना स्टेरॉइडयुक्त थेंब कदापि घालू नयेत.