वाळवंटातील डोंगरवाट

वाळवंट म्हटले की डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. परंतु सगळीच वाळवंटे तशी नसतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोना राज्यापासून मेक्सिकोपर्यंत पसरलेले सोनोरा वाळवंट डोंगराळ आहे. तेथे हिवाळ्यात मंद पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात गडगडाटासह सरी कोसळतात. या थोड्याशा पाण्यावर तेथील झाडेझुडपे जगतात.

या प्रदेशात टूसॉन नावाचे शहर आहे. शहराच्या पूर्वेस व पश्चिमेस सग्वारो राष्ट्रीय उद्यान आहे. सग्वारो हा प्रचंड वाढणारा निवडुंग. त्याच्या रक्षणासाठी पूर्वेकडील भाग १९३३ साली आणि पश्चिमेकडील भाग १९६१ साली राखून ठेवण्यात आला. पुढे १९९४ साली त्यांस राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पश्चिम भागातील वॉसन शिखर ४,६८७ फूट उंच आहे. तेथे जाणाऱ्या पाऊलवाटेने मार्च महिन्यात चालू लागले, म्हणजे वाळवंटाचे खरे रूप दिसते.

पहाटे वाट शांत असते. सूर्य वर येताच रात्री मिटलेली सोनेरी खसखशीची फुले उमलतात. जवळच निळ्याजांभळ्या ल्युपिनचे तुरे डोलतात. या फुलांच्या बिया महिनोन्‌महिने, कधी अनेक वर्षे, मातीत निजून असतात. एखादी हलकी सर आली म्हणून त्या फसत नाहीत. पुरेसा पाऊस झाला तरच त्या रुजतात. त्यामुळे एखाद्या वर्षी डोंगर फुलांनी झाकतो, तर एखाद्या वर्षी उघडाच राहतो.

पुढे पालो वेर्दे नावाचे झाड लागते. या स्पॅनिश नावाचा अर्थ 'हिरवी काठी'. दुष्काळात ते आपली बारीक पाने गाळून टाकते आणि हिरव्या खोडाच्या साहाय्याने अन्न तयार करते. वाटेच्या कडेला चोया निवडुंग असतो. त्याला नुसता धक्का लागला, तरी काटेरी कांडे तुटून कपड्याला चिकटते. ते हाताने काढू गेल्यास बोटांत काटे रुततात. म्हणून जाणते वाटसरू पाण्याबरोबर एक कंगवाही जवळ बाळगतात.

चढणीवर सग्वारो उभे असतात. महाराष्ट्रात शेताच्या बांधावर दिसणारा फड्या निवडुंगही मूळचा अमेरिका खंडातलाच. तो या सग्वारोचा दूरचा भाऊबंद होय. सग्वारोच्या अंगावर पेटीच्या भात्यासारख्या घड्या असतात. पाऊस पडला की मुळे पाणी शोषतात, घड्या उलगडतात आणि खोड फुगते. गिला नावाचा सुतारपक्षी त्यात ढोली कोरतो. झाड त्या जखमेभोवती कठीण अस्तर तयार करते. पक्षी निघून गेल्यावर त्या ढोलीत कधी चिमणीएवढे घुबड येऊन राहते. जूनच्या अखेरीस फळे पिकतात. तोहोनो ओओधाम हे तेथील मूळ रहिवासी वाळलेल्या सग्वारोच्या लांब फासळ्यांची काठी करून ती फळे पाडतात व त्यांचा गोड पाक करतात.

चाळीस फुटांहून उंच वाढणाऱ्या या वृक्षाचे बालपण मात्र फार नाजूक असते. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम एक ते दीड इंच वाढतो. पहिले फूल येण्यास सुमारे पस्तीस वर्षे लागतात आणि पहिली फांदी फुटण्यास पन्नास ते शंभर वर्षे. एक सग्वारो आयुष्यात लक्षावधी बिया देतो; पण त्यांतून मोठी होणारी रोपे अगदी मोजकी. पालो वेर्देसारख्या झाडाच्या सावलीत जे रोप रुजते, तेच बहुधा ऊन व थंडी सोसून जगते.

म्हणूनच या डोंगरावर चालताना वाट सोडू नये असा नियम आहे. दूरवर सुंदर फुले दिसतात. चार पावले आत जाऊन ती तोडावीत असा मोह होतो. पण त्या चार पावलांखाली शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वयाचा, अंगठ्याएवढा एक सग्वारो असू शकतो. तो चिरडण्यास एक क्षण पुरतो. आणि त्याच्या जागी दुसरा तेवढा होण्यास पुन्हा तितकीच वर्षे लागतात. जाणता वाटसरू ती फुले वाटेवरूनच पाहतो आणि पुढे चालू लागतो.