उघडीप वाया घालवू नकोस

रोह्याजवळच्या वाडीत तुला अंगणवाडी मिळाली, पोरी, फार बरं वाटलं. पेणला माझी तीस वर्षं याच कामात गेली. रजिस्टरं, तक्ते, वजनकाटा हे तुला वरची माणसं शिकवतील. मी आभाळाचं तेवढं सांगते.

जुलैत आपल्याकडे पाऊस दिवसचे दिवस धरून बसतो. पहिल्या वर्षी भीतीपोटी मी महिनाभर मुलांना दाराबाहेर सोडलं नाही. एका खोलीत वीस मुलं, ओल्या कपड्यांचा कुबट वास. एकाला सर्दी झाली की आठवड्यात सगळी शिंकायची, भांडणं वेगळीच. तेव्हापासून ठरवलं, पाऊस उघडला की हातातलं टाकायचं आणि अंगणात जायचं. गाणं अर्धं राहिलं तर राहू दे. उघडीप वेळापत्रक बघून येत नाही. मूल भिजलं तर बिघडत नाही, भिजून तसंच बसलं तर बिघडतं. म्हणून प्रत्येकाचा एक कोरडा जोड केंद्रात ठेव. आत आल्यावर आधी डोकं पूस, मग कपडे बदल.

उघडलंच नाही, तर पडवीत बसव. पागोळ्यांखाली एक पातेलं, एक पत्र्याचा डबा, एक करवंटी मांड आणि तू गप्प राहा. माझ्याकडे एक मुलगी होती, दोन महिने तोंडातून शब्द नाही. पातेल्याजवळ उकिडवी बसून ऐकत होती. टण टण वाजणारं पातेलं भरत आलं तशी मान वर करून म्हणाली, "बाई, आवाज बुडाला." त्यानंतर ती बोलायची थांबली नाही.

मुलं यायच्या आधी मात्र अंगण काठीने पाहून घे. विटा, लाकडं, पाल्याचा ढीग, सगळं हलवून बघ. विंचू चावलाच तर चुना-बिब्बा करत बसू नकोस, थेट दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवला, त्याने किती जीव वाचले. गुरं बसतात तिथल्या डबक्यात मुलांना जाऊ देऊ नकोस, पाय खरचटलेला असेल तर मुळीच नाही. लेप्टोचा ताप तिथूनच येतो. मृगाच्या सुरुवातीला आणि नवरात्राच्या सुमाराला गडगडलं की सगळी आत. आंब्याखाली कुणी थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ दे.

कुंडलिका नदीचं नीट लक्षात ठेव. आभाळ निरभ्र असलं तरी भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की पात्र भरतं. म्हणून मुलांना पात्रात न्यायचं नाही, गोटे हवे असतील तर आपण आणून द्यावेत.

होळीनंतर खेळ सकाळीच उरकायचा, आणि घसरगुंडीच्या पत्र्याला आधी आपल्या हाताची मागची बाजू लावून बघायची.

कुणी म्हणेल, शिकवायचं सोडून पोरांना चिखलात काय नेता? त्यांना सांग, अंगणवाडी हे नावच अंगणावरून आलंय. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच पाड्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. त्याआधी ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या, आणि आपल्या पेणच्या गणपतींची शाडूही त्याच भावनगरकडून येते. मला याचं अजून अप्रूप वाटतं.

शाडूवरून आठवलं. हमरापूर, जोह्याकडच्या गणपतींच्या कारखान्यांत उरलेले, फुटलेले तुकडे मागितले की देतात. रात्रभर भिजत घाल, सकाळी मळ. साचा देऊ नकोस, गोळा दे. श्रावणात केलेला बैल चार दिवस ओलाच राहतो, बोट लावलं की दबतो. तोच ऑक्टोबरच्या उन्हात ठेवला की दुपारपर्यंत पाठीला भेग पडते. एक बैल उन्हात, एक पडवीत ठेव आणि मुलांना येता-जाता बघू दे. भेग का पडली ते तीच तुला सांगतील, तू आधी सांगू नकोस.

पुढच्या खेपेला पेणला येशील तोवर शाडूची एक गोण भरून ठेवते. वर टाकायला ओलं गोणपाट लागेल, ते तुझं तू आण.