उत्तरेच्या खिडकीतले ऊन

उष्ण कटिबंधातील शोभेची झाडे घरात वाढवण्यासंबंधी जे मार्गदर्शन आज सहज हाती लागते, त्याचे मूळ बहुतांशी युरोप-अमेरिकेतील पुस्तकांत असल्यामुळे दक्षिणेची खिडकी प्रखर, पूर्वेची सौम्य आणि उत्तरेची मंद, असे एक ठरावीक कोष्टक त्यात पुन्हापुन्हा भेटते. सुमारे ५१ अंश अक्षांशावरच्या लंडनमध्ये ते बऱ्याच अंशी खरे ठरते, कारण तेथे सूर्य बाराही महिने भर दुपारी दक्षिणेलाच असतो. प्रस्तुत लेखक राहतो ती भिलई मात्र २१ अंशांच्या किंचित वर, छत्तीसगडच्या उत्तर भागातून जाणाऱ्या कर्कवृत्ताच्या अलीकडे वसलेली असल्याने, सूर्य येथे वर्षातून दोनदा, मेअखेरीस आणि जुलैच्या मध्याच्या सुमारास, थेट माथ्यावर येतो, आणि या दोन ‘शून्य सावली’ दिवसांच्या दरम्यान दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला कललेला असतो. २१ जूनला तर तो उगवतो तोच पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला आणि मावळतोही पश्चिमेच्या तितकाच उत्तरेला. त्या दिवशी दक्षिणेच्या खिडकीत उन्हाची तिरीपसुद्धा पडत नाही आणि पुस्तकातली ‘मंद’ उत्तर खिडकी सकाळ-संध्याकाळ तिरप्या उन्हाने उजळते.

डिसेंबरमध्ये हे सारे उलटते. दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असल्यामुळे, वर छज्जा नसेल, तर दक्षिण खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असता ऊनही खोलीत सुमारे सात फूट आत येते. म्हणजे घरातील प्रकाश हा जागेचा स्थायी गुण नसून महिन्यागणिक बदलणारी गोष्ट आहे, आणि कुंडीसाठी एकदा जागा ठरवून निश्चिंत होण्याची सवय भिलईत अंगलट येते.

प्रस्तुत लेखकाला हे ज्ञान एका मॉन्स्टेराच्या जिवावर झाले. मॉन्स्टेरा म्हणजे मेक्सिकोच्या दक्षिणेकडून पनामापर्यंतच्या दमट अरण्यात झाडांच्या खोडांवर चढणारा वेल, ज्याची प्रौढ पाने कडेला चिरलेली आणि मध्ये भोके असलेली असतात. फेब्रुवारीत रोपवाटिकेतून हे रोप आणताना ‘छाया का पौधा है, कहीं भी रख दो’ असे आश्वासन मिळाले होते, आणि ते शब्दशः मानून कुंडी टाउनशिपच्या क्वार्टरमधील बैठकीच्या कोपऱ्यात, खिडकीपासून बारा फुटांवर, टीव्हीशेजारी ठेवण्यात आली. समोरच्या अंगणातला आंबा खिडकीचे निम्मे आकाश झाकतो, ही गोष्ट कोणाच्या लेखी नव्हती. दीड महिन्यात दोन पाने आली, दोन्ही तळहाताएवढी, चीर नसलेली, लांबलचक देठांवर खिडकीकडे मान वेळावून उभी. पाणी मात्र दर तिसऱ्या दिवशी नियमाने मिळत होते, आणि खालचे पान पिवळे पडल्यावर कुंडी उपसून पाहता मुळे तपकिरी, मऊ झालेली आढळली.

या दोन लक्षणांचे मूळ एकच होते. पान प्रकाशाच्या बळावर अन्न तयार करते आणि श्वसनात ते खर्चही करते. ज्या प्रकाशात जमा आणि खर्च बरोबरीचे होतात, त्याला समतोल बिंदू म्हणतात, आणि त्याच्या आसपास रेंगाळणारे झाड मरत नसले तरी वाढतही नाही. असे झाड पाणीही कमी ओढते, माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. घरातील झाडे पाण्याने मरतात असे सर्रास म्हटले जाते. त्यांतील पुष्कळशी वस्तुतः अंधाराने मेलेली असतात.

‘सावलीतले झाड’ या शब्दप्रयोगाने केलेले नुकसान थोडे नाही. १९७५ मध्ये स्ट्राँग आणि रे या संशोधकांनी दाखवून दिले, की मॉन्स्टेराच्या एका जातीचे कोवळे रोप प्रकाशाकडे नव्हे, तर क्षितिजावरच्या सर्वांत काळोख्या भागाकडे, म्हणजे जवळच्या एखाद्या खोडाकडे, सरपटत जाते. परंतु खोड गाठताच ते वर प्रकाशाकडे चढू लागते. अंधाराची ओढ ही त्याच्या बालपणाची युक्ती आहे, आयुष्यभराची आवड नव्हे. शिवाय अरण्यातली सावलीही मोजायची असते ती उघड्या आकाशाच्या तुलनेत. व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ युलिउस व्हिझ्नर यांनी छायाचित्रणाचा कागद किती वेगाने काळवंडतो यावरून, उघड्यावरच्या प्रकाशाचा कितवा हिस्सा झाडाच्या वाट्याला येतो हे मोजले आणि १९०७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच रीतीने विचार केल्यास मे महिन्यातील भर दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स (लक्स हे मानवी डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेले उजेडाचे एकक) प्रकाश असताना बैठकीच्या कोपऱ्यात शे-दोनशेच लक्स असतात, म्हणजे पाचशेवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. डोळा हा फरक सांगत नाही, कारण बाहुली मोठी होते, दृष्टी सरावते आणि कोपराही ‘चांगला उजेडाचा’ वाटू लागतो.

झाडाला ‘ऊन दाखवण्याच्या’ उपरतीतून दुसरी चूक घडली, ती पहिलीपेक्षा महागात पडली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कुंडी एकदम पश्चिमेच्या व्हरांड्यात हलवली गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्वांत मोठ्या पानावर रुपयाएवढे फिकट डाग दिसले, आणि आठवड्याच्या आत ते पापडासारखे तपकिरी, कुरकुरीत झाले. सावलीत घडलेले पान पातळ असते, आणि एकाएकी आलेला प्रखर प्रकाश हरितद्रव्याला वापरता न आल्याने तोच अन्न तयार करणाऱ्या यंत्रणेची मोडतोड करतो. अशी जळालेली जागा पुन्हा हिरवी होत नाही, आणि जुने पान उन्हाला पुरते सरावतही नाही. सरावते ते नव्या प्रकाशात जन्मलेले पुढचे पान. म्हणून कोणतेही स्थलांतर दोन-तीन आठवड्यांत, दर चार-पाच दिवसांनी हात-दीड हात सरकवत, करणे इष्ट.

शेवटी उत्तरेची खिडकी निवडली गेली आणि तिने वर सांगितलेला जूनचा धडा दिला. कुंडी खिडकीच्या पूर्व टोकाला होती. दुपारी चारनंतर वायव्येकडून येणारे तिरपे ऊन नेमके त्याच टोकावर पडते, आणि काचेला टेकलेल्या पानाची कड करपली. तीच कुंडी पश्चिम टोकाला, भिंतीच्या जाडीआड सरकवल्यावर संध्याकाळचे ऊन अडले आणि सकाळी नऊपर्यंतचे कोवळे ऊन मात्र मिळत राहिले. मॉन्स्टेरा, मनीप्लांट, रबराचे झाड यांना ते मानवते. कॅलेथियासारख्या नाजूक पानांच्या झाडापुढे तेव्हाही पातळ पडदा असावा. भिलईत आणखी एक अडचण अशी, की उन्हाळ्यात बऱ्याच घरांत एका खिडकीत कूलर बसतो आणि उरलेल्यांवर जाड पडदे ओढले जातात, त्यामुळे बाहेर आग ओकत असताना घरातले झाड वर्षातला सर्वांत अंधारा काळ काढत असते. अशा वेळी सकाळी दोन तास तरी पडदा सारून ठेवावा आणि कुंडी कूलरच्या झोतात येऊ देऊ नये. मृगाचे ढग आले, की कुंडी काचेजवळ न्यावी आणि पाणी तिथीवर न देता, बोट दोन पेरे मातीत खुपसून कोरडे लागले तरच द्यावे.

जागा पारखण्यास यंत्र लागत नाही. पानाच्या उंचीवर पांढरा कागद धरून त्यावर वीतभर अंतरावर हात धरावा: सावलीची कड सुरीने कापल्यासारखी असेल तर प्रकाश प्रखर, बोटे ओळखू येतील पण कड विरघळलेली असेल तर योग्य, आणि सावली शोधावी लागत असेल तर अपुरा. मोबाइलमधील लक्स मोजणारे ॲप दोन जागांची तुलना करण्यापुरते उपयोगी आहे, मात्र त्यातला आकडा वेगवेगळ्या फोनांवर वेगवेगळा दिसतो.

व्हरांड्यात जळालेले पान लेखकाने काढून टाकले नाही, कारण त्याचा हिरवा अर्धा भाग अजून झाडाला पोसत होता. त्याच्या वरच्या पेरातून ऑगस्टमध्ये जी गुंडाळी उलगडली, तिच्या एका कडेला दोन चिरा होत्या.