शिकाऱ्याचं जाकीट आणि आंबोलीचा पाऊस

जुलैत आंबोलीला दुपारी चार वाजताच दिवेलागण झाल्यासारखं होतं. धुकं ओटीपर्यंत आलेलं, पन्हळीतून पाण्याची अखंड धार. पुण्याहून आलेल्या भाचीने ओटीवरच्या बाकावर नवंकोरं जाकीट पसरलं. परदेशी बनावटीचं, झाडोऱ्याच्या नक्षीचं, खास शिकाऱ्यांसाठी शिवलेलं. रात्री ती मामांबरोबर बेडूक बघायला निघणार होती. मामा गेली पंधरा वर्षं पावसाळ्यात अभ्यासकांना इथल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, घेऊन जातात.

"हेच का घेतलंस?" मामांनी विचारलं.

"शिकारी तासन्‌तास पावसात बसतात मामा. त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? आणि आपणही रात्री दबा धरूनच बसणार ना?"

विचार चुकीचा नव्हता. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, पण शिकाऱ्याची आणि निरीक्षकाची गरज एकच असते: कोरडं राहायचं आणि आवाज होऊ द्यायचा नाही. म्हणून मामांनी कपडा पाण्याखाली धरण्याआधी कानाशी धरला. बाही बाहीवर घासली. आवाज जवळजवळ नाहीच. मग भाचीचा स्कूटरवरचा रेनकोट तसाच घासला, तर चरचर खिडकीपर्यंत ऐकू गेली.

"झुडपात एखादा एवढासा बेडूक टिक-टिक करत असतो. तू हात हलवलास की तुला तुझा रेनकोटच ऐकू येणार. या जाकिटाचं वरचं कापड लवदार आहे, म्हणून ते वाजत नाही. स्कॉटलंडच्या डोंगरात हरणाच्या मागावर जाणारे लोकरीचं ट्वीड घालतात, त्यामागेही हे एक कारण आहे."

"मग झालं तर!"

मामांनी तांब्याभर पाणी बाहीवर ओतलं. पहिले काही क्षण थेंब मोत्यांसारखे घरंगळले. मग लव भिजली आणि कापड काळपट पडलं. भाचीने जाकीट उचललं आणि चमकून खाली ठेवलं, इतकं ते जड झालं होतं. आतलं अस्तर मात्र कोरडं होतं.

"पाणी आत आलं नाही, पण हे ओझं रात्रभर खांद्यावर राहणार. आणि इथे हे उद्या वाळणार नाही, परवाही नाही." आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळवावे लागतात.

भाचीने लेबल पुढे केलं. "यावर वीस हजार मिलिमीटर लिहिलंय. ते काय?"

"कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात. तीन ठिकाणी थेंब फुटले की थांबायचं. वीस हजार म्हणजे वीस मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. नुसत्या पावसाचा दाब त्याच्या जवळपासही जात नाही. पण सॅकचे पट्टे खांद्यावर रुततात, ओल्या कातळावर आपण गुडघे टेकतो, तिथे दाब वाढतो. दहा हजार असलं तरी आपलं भागतं. आकड्यापेक्षा शिवण बघ."

त्यांनी जाकीट उलटं केलं. प्रत्येक शिवणीवर बोटभर रुंदीची पारदर्शक पट्टी चिकटवलेली होती. चार्ल्स मॅकिन्टॉशने 1823 साली दोन कापडांमध्ये रबर घालून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं, तेव्हा शिंप्याच्या सुईने पडलेल्या भोकांतूनच पाणी झिरपायचं. दोनशे वर्षांनंतरही स्वस्त रेनकोट आधी तिथेच गळतो. दुकानात आकडा वाचण्याआधी ही पट्टी काखेत, टोपीत आणि चेनच्या कडेलाही आहे का, ते बोट फिरवून बघावं.

"आणि हे 'श्वास घेणारं' कापड?"

इथे मामा सावरून बसले. बॉब गोरने 1969 साली पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचा टेफ्लॉन, झटक्यात ताणला आणि असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळाला. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, वाफ जाते. पण ती आपोआप जात नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच ती बाहेर पडते.

"अंगाजवळची दमट हवा 33 अंशांची धर. स्कॉटलंडात बाहेर 5 अंश असतील, तर आतबाहेरच्या दाबात साधारण चार किलोपास्कलचा फरक पडतो. इथे बाहेर 23 अंश आणि हवा पाण्याने गच्च, म्हणजे फरक दोनच्या थोडा वर. निम्माच! त्यात वरचं कापड भिजलेलं आणि आपण चढ चढतोय. घाम जाणार कुठे? आपल्याकडे माणूस रेनकोटात आतूनच भिजतो."

"मग करायचं काय?"

मामांनी भिंतीकडे बोट दाखवलं. खुंटीला जुनं इरलं टांगलं होतं: बांबूच्या काड्यांचा सांगाडा आणि त्यात दाटून बसवलेली पानं. भातलावणी करणाऱ्या बाया ते डोक्या-पाठीवर घेऊन दिवसभर वाकून राबत. पाठ झाकलेली, पुढून आणि खालून वारा मोकळा. धनगराची घोंगडी भिजली तरी ऊब देते, कारण लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. उबदार पावसात वारा खेळता ठेवणं हे छिद्रांच्या पडद्यापेक्षा मोठं काम आहे, आणि ते इरल्याला नीट साधलं होतं.

म्हणून मामांची शिफारस साधी होती: पातळ, ढगळ जाकीट, काखेत लांब चेन, आत चटकन वाळणारा बनियन. सुती नको. टोपडं शक्यतो मागे टाकायचं आणि रुंद काठाची हॅट घालायची, कारण टोपड्यावर आपटणाऱ्या सरींत बेडकांचे आवाज हरवतात. पँट गमबुटाच्या बाहेर, नाहीतर पाणी ओघळून बुटातच साचतं. झाडोऱ्याची नक्षी तर इथे धोक्याची. रात्री धुक्यात घाटरस्त्यावरच्या गाडीवाल्याला तुम्ही दिसलं पाहिजे, तेव्हा अंगावर चमकणारा पट्टा हवाच.

"म्हणजे हे परत करू?"

"डिसेंबरात हिमालयात जाशील तेव्हा घाल. पण घडी करून कपाटात कोंबू नकोस. दमट हवेत आतला पॉलियुरेथेनचा लेप चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. साबणाने धुतलंस तर साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळ, आणि सॉफ्टनर अजिबात नको."

रात्री नऊला भाची मामांच्या जुन्या पातळ जाकिटात बाहेर पडली. सड्यावरच्या उथळ डबक्याशी दोघं टॉर्च विझवून बसले. ज्या आंबोली टोडची शास्त्रीय ओळख 2009 साली जगाला झाली आणि ज्याचं घर या परिसरापलीकडे कुठेच नाही, तो पावसात या सड्यांवर आणि रस्त्यांवरही येतो. पावसाळ्यात रात्री आंबोलीतून गाडीने जात असाल, तर वेग कमी ठेवा आणि रस्त्यावर नजर असू द्या.